टोळी हलण्याआधी गरोदर बाईची तयारी: माझा अनुभव

आमच्या बीडकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. गाडीत भांडी, धान्य, सरपण, शेळीसुद्धा चढते. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र घरच्या पेटीत राहतं. मग सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर बेळगावकडं ती बाई सातव्या महिन्यात नवी केस म्हणून उभी राहते. आधीचा रक्तदाब किती, इंजेक्शन झालं का, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची तयारी मी महिनाभर आधी सुरू करते. महिना यासाठी, की धनुर्वात-घटसर्पाच्या दोन इंजेक्शनांमध्ये चार आठवडे जावे लागतात. टोळी निघायच्या आठवड्यात धावपळ केली तर दुसरं हमखास चुकतं.

पहिलं काम शेवटच्या पाळीची तारीख. तारीख विचारली की ‘नाही आठवत’ हेच उत्तर येतं. सण विचारायचा. ‘वटपौर्णिमेला वडाला जाता आलं नाही’ एवढं कळलं तरी पुरे. 2025 साली वटपौर्णिमा 10 जूनला होती. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख 17 मार्च. म्हणजे पट्टा पडायच्या, हंगाम संपायच्या तोंडावर, कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असतानाच कळा सुरू होणार. अशा बाईनं फेब्रुवारीतच गावी परतायचं, की तिकडचा दवाखाना आताच ठरवायचा, हे सासू आणि नवरा दोघांना समोर बसवून ठरवून घ्यावं. एकट्या बाईला सांगून काही होत नाही.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्त कमी. 7 च्या खाली असेल तर गाडीत बसवायचंच नाही, आधी रुग्णालय. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन सांगतात. दवाखान्यातून सहसा महिन्याच्याच गोळ्या मिळतात, म्हणून हंगामाचे महिने मोजून, कारण सांगून जास्त मागाव्या लागतात. गोळ्या नेल्या तरी बंद का पडतात, तर शौचाला काळं होतं आणि मळमळतं. काळं होणारच, त्यात भ्यायचं काही नाही, हे आधीच सांगितलं तर निम्मं काम होतं. पहाटे अंधारात उठून बाया कोऱ्या चहावर फडात जातात. त्या चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. लोहाची रात्री जेवणानंतर, कॅल्शियमची सकाळच्या आणि दुपारच्या भाकरीनंतर. दोन्ही एकत्र कधीच नको.

कार्डाच्या पहिल्या पानावर आरसीएच नंबर, म्हणजे बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक, घातलाय का ते बघा. तो असला की दुसऱ्या जिल्ह्यातही जुनी नोंद शोधता येते. नाव आधारवर माहेरचं आणि कार्डावर सासरचं असलं की घोळ होतो. दोन्ही लिहून घ्या. मोबाइल नंबर मुकादमाचा, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराचा, नको. कर्नाटकात जाणारीचं कार्ड मी नर्सबाईंकडून इंग्रजीत भरून घेते, तिकडं मराठी अक्षर वाचणारं कुणी असेलच असं नाही. मूळ कार्ड, आधार आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या थैलीत, वर दोरी. कोपीत दव आणि पाणी दोन्ही येतं.

तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करायची. तिथल्या आशाताईंच्या यादीत कोप्या आपोआप येत नाहीत, आपण होऊन जावं लागतं. अडचण खाड्याची, म्हणजे कामाचा दिवस बुडण्याची. सकाळची ओपीडी आणि तोडीची वेळ एकच. कोयता म्हणजे जोडी, त्यामुळं बाई थांबली की नवऱ्याचंही काम अडतं. म्हणून महिन्याची 9 तारीख धरायची. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते; वजन, रक्तदाब, रक्त, लघवी एकाच फेरीत होतं. मुकादमाला ही तारीख निघतानाच सांगून ठेवली तर महिन्याला एकच खाडा पडतो.

108 ला फोन केला की पत्ता विचारतात आणि कोपीला पत्ता नसतो. कोप्यांच्या अड्ड्यावर उतरल्या दिवशीच गावाचं नाव, कारखान्याचं नाव, गट ऑफिस आणि जवळची ठळक खूण, कालव्याचा पूल नाहीतर मंदिर, कार्डाच्या मागं लिहून ठेवायचं. फोन झाला की एक माणूस मोटारसायकलवर डांबरी रस्त्यावर उभा करायचा. अंधारात उसातून गाडीला वाट सापडत नाही आणि तेवढ्यात बाळंतपण होऊन जातं.

अंगावरून पांढरं जातं म्हणून थेट गर्भपिशवी काढायला तयार होणाऱ्या बाया आजही भेटतात. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. 2019 साली याच जिल्ह्यातल्या शस्त्रक्रियांवर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुणीही सही करू नये, हे मी हात धरून सांगते.

टोळी परतली की पहिल्याच दिवशी कार्ड मागून बघते. तिकडं बाळाला दिलेली लस इथल्या रजिस्टरला नसते. कार्डावर तारीख असेल तर ती उतरवून घ्यायची. मधला डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिला तिथून पुढं द्यायचा.