दोन तोळे अकरा मासे

म्हातारबा दुकानात आले तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले होते. एका गिऱ्हाइकाचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य प्रेसमध्ये दाबून मी दोरी बदलत होतो. ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला बाण त्यांनी काउंटरवर ठेवला, कागद उलगडला आणि टोपी काढून स्टुलावर बसले. वस्तू परत करायला आलेला माणूस ती पुढे सरकवतो, खिशात पावती शोधतो. ह्यांनी बाण नुसता मला दिसेल असा ठेवला होता.

थंडर बे, ओंटारिओ. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे मूस ह्या धिप्पाड हरणाच्या नरांच्या मस्तीचा काळ. बंदूकवाल्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिरंदाजांना थोडे आठवडे मोकळे मिळतात, आणि त्या दिवसांत आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मूसचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, सहजी मिळत नाही. २०२१पासून इथं गुणांची पद्धत आहे. अर्ज करत राहायचं, गुण साठवायचे, आणि एका वर्षी नशीब उघडतं. म्हातारबांचं ह्या वर्षी उघडलं होतं.

त्यांनी आणलेल्या बाणावरचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, मीच विकलेलं होतं.

मी मूळचा साताऱ्याचा. कंपाउंड तिथंच शिकलो, थोडंफार खेळलो, मग शिकायला इकडे आलो आणि धनुष्याचं ज्ञान पोटापाण्याला लागलं. आमच्या साताऱ्याच्या तिरंदाज अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेव्हा दूध पावडरचे पेढे करून मी सगळ्या दुकानाला वाटले होते. (कंदी पेढ्याची सर नाही, पण इथं कुणाला कळतंय!) सांगायचा मुद्दा असा की मी वाढलो ते ५० मीटरवरच्या कागदावर. ८० सेंटिमीटरचा कागद, त्यात दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. त्या जगात बाणाला काम एकच, ठरल्या जागी पोचायचं. पोचल्यावर तो पुढं काय करतो, हे तिथं कुणी विचारत नाही.

ऑगस्टमध्ये म्हातारबा आले होते ते तक्रार घेऊन. खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळं धनुष्य ६५ पौंडांवरून ५२वर उतरवलेलं. इथल्या नियमानं मूससाठी ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, किमान २२ किलो, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस पौंड लागतं, तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. सरावाचे फील्ड पॉइंट, म्हणजे बिनपात्याची साधी टोकं, मधोमध लागायचे आणि त्यांचे जुने फिक्स्ड पात्यांचे ब्रॉडहेड वीस यार्डांवर चार बोटं उजवीकडे जायचे.

ह्याचं खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. धनुष्यातून बाण जरा तिरका सुटत असला तर फील्ड पॉइंट ते खपवून घेतो. मागची पिसं बाणाला सरळ करतात. पण पुढं उघडी पाती असली की तीही वारा कापतात आणि बाणाला आपल्या बाजूला ओढतात. म्हणजे दोष धनुष्याच्या जुळणीत, पातं फक्त चहाडी करतं. जुळणी करायला तास-दीड तास लागला असता. दुकानात सहा माणसं उभी होती. मी मेकॅनिकल ब्रॉडहेडचं पाकीट काढून दिलं. त्याची पाती उडताना मिटलेली असतात, लागल्यावर उघडतात. "हे अगदी फील्ड पॉइंटसारखं जातं," मी म्हणालो. आणि खरंच गेलं. मागच्या रेंजवर तीन बाण एकमेकांना घासून लागले, म्हातारबा खूश, मी खूश.

आता तोच बाण माझ्यासमोर होता. हात मोकळे झाल्यावर मी तो दिव्याखाली धरला. रक्त होतं ते टोकापासून जेमतेम माझ्या वितीच्या निम्म्यापर्यंत, वर शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, कोरा. रक्त मूळचं लालभडक, आता वाळून तपकिरी झालेलं. फुफ्फुसाचं असतं तर गुलाबी असतं आणि त्यात फेसाचे बुडबुडे दिसले असते. एक पातं पूर्ण उघडलेलं आणि टोकाशी मुडपलेलं, दुसरं अर्धवट. बिजागरीत दोन केस अडकले होते, राठ, मुळाशी पांढरट आणि शेंड्याला काळे.

"सांग," ते म्हणाले. परीक्षा घेतल्यासारखं नव्हतं ते. त्यांना खरंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"हाडावर बसला."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर ट्रककडे गेले. परत आले ते एक हाड घेऊन. मूसच्या खांद्याचं पसरट हाड, जवळजवळ हातभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. हे ते जंगलात नेतात. झुडपांवर खरवडलं की शिंगं घासणाऱ्या दुसऱ्या नरासारखा आवाज येतो, आणि आधीच पेटलेला नर भांडायला चालत येतो. जोडीला बर्चच्या सालीचा भोंगा, मादीच्या हाकेसाठी.

तसाच तो आला होता. बावीस पावलांवर. खांद्यापाशी माणसाहून उंच, चार-पाचशे किलोचं धूड, पण काटकी मोडल्याचाही आवाज नाही. उभा राहिला तो पूर्ण आडवा नव्हता, तोंड जरासं म्हातारबांकडं. "थांबायला हवं होतं," ते म्हणाले. "आणखी एक पाऊल टाकलं असतं त्यानं. माझा खांदा थरथरायला लागला आणि मी सोडला."

मग त्यांनी हाड उचलून खिडकीकडे धरलं. मधल्या भागातून उजेड आरपार दिसत होता, पापडासारखा. "इथं लागला असता तर तुझं पातंही आत गेलं असतं." मग अंगठा बाजूला सरकवला. हाडाच्या लांबीनं एक उभी धार वर आलेली असते, घराच्या आढ्यासारखी, तळाशी जाड. त्यांनी माझं बोट धरून त्या धारेवर ठेवलं. "इथं लागला."

माझं ५० मीटरचं सगळं शिक्षण त्या बोटाखाली होतं. बंदुकीची गोळी धक्क्यानंही काम करते. बाणाचं तसं नाही, तो कापतो, आणि रक्त जाऊन जनावर पडतं. कापण्यासाठी आधी आत पोचावं लागतं. मेकॅनिकल पात्याला उघडायलाच काही जोर खर्च करावा लागतो. शिवाय पाच सेंटिमीटर रुंद उघडलेलं पातं उतरत्या हाडावर बसलं की एका बाजूला फिरतं आणि तिथंच अडतं. सत्तर पौंडांचं धनुष्य, हरणाच्या फासळ्या, तिथं हेच पातं छान चालतं, आणि मूसही त्यानं पडतात. पण ५२ पौंड आणि ३९० ग्रेनचा (बाणाचं वजन इथं ग्रेनमध्ये मोजतात) हलका बाण घेऊन निघालेल्या सत्तरीच्या माणसाला मी ते दिलं होतं, कारण ते कागदावर नीट लागत होतं.

"दोन दिवस शोधलं," ते म्हणाले. पुतणे सोबत होते. साठ पावलांवर आल्डरच्या झाडोऱ्यात बाण गळून पडलेला मिळाला, पुढं पानापानांवर ठिपके, मग दलदलीच्या कडेला शेवटचा ठिपका, मोहरीएवढा. तिथून गुडघाभर पाण्यात त्यांनी काठानं चकरा मारल्या. "डोमकावळेही जमले नाहीत." हे त्यांनी आशेनं सांगितलं. जनावर पडलं की कावळे तासाभरात हेरतात. जमले नाहीत म्हणजे तो चालतो आहे. आमच्याकडं कावळा शिवला नाही की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. इथं म्हातारा त्याच गोष्टीवर तग धरून होता.

मी पैसे परत देऊ केले. त्यांनी हात असा हलवला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "बाण कर," ते म्हणाले. "नीट."

त्या दुपारी मी दुसरं काही केलं नाही. मालकानं एकदा डोकावून पाहिलं, हाड पाहिलं आणि गल्ला स्वतः सांभाळला.

ग्रेन म्हणजे किती हे मला पहिल्यांदा इथं आलो तेव्हा समजेना, मग आठवलं की आजोबांच्या काळचा तोळा १८० ग्रेनचाच होता. तोळ्याचे बारा मासे, मासा पंधरा ग्रेनचा. म्हणजे म्हातारबांचा बाण दोन तोळे दोन मासे. नवा मी ५२५ ग्रेनचा केला, दोन तोळे अकरा मासे. पुढं दोनच पात्यांचं, अखंड पोलादाचं ब्रॉडहेड, टोकापासूनच कापत जाणारं, एकट्याचं वजन २०० ग्रेन. एवढं वजन पुढं आलं की सुटताना शाफ्ट जास्त वाकतो, म्हणून शाफ्टही ताठ घेतला, ४००च्या जागी ३४०चा (आकडा लहान तितका शाफ्ट ताठ). त्या पात्याला धार एकाच अंगानं, उजवी, म्हणून पिसंही उजव्या पिळाची चिकटवली. उलट पीळ दिला तर हवेत एकीकडे फिरणारा बाण हाडात शिरताना दुसरीकडे फिरू पाहतो आणि जोर वाया जातो.

वेगाच्या यंत्रावर जुना बाण सेकंदाला २४० फूट जात होता, नवा २०८. म्हातारबांचा चेहरा पडला. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण संवेग सहाव्या भागानं वाढलेला, आणि हाडाशी गाठ पडल्यावर उपयोगाचा तोच. हाडं फोडणाऱ्या बाणांवर आयुष्य घालवलेले डॉ. एड अॅशबी तर ६५० ग्रेनच्या खाली समाधान मानत नाहीत. तेवढा जड ५२ पौंडांवर फारच खाली पडत गेला असता. बावीस पावलांच्या अंदाजात चूक झाली तर पोटाखालून जायचा. ५२५ हा माझा निवाडा, त्यावर कुणी वाद घालू शकेल.

मग ती जुळणी, जी ऑगस्टमध्ये करायची होती. पाती उजवीकडं जात होती, म्हणून रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, डावीकडं, अर्धा मिलिमीटर. पुन्हा बाण. पुन्हा अर्धा. म्हातारबा दर चार बाणांनंतर खांदा दाबत बसायचे, मी तेवढ्यात पात्याची धार वर्तमानपत्राच्या कडेवर बघायचो. कागद न फाटता सरळ चिरला पाहिजे. पाचव्या खेपेला फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड एका तळहातात मावले. सरावात वापरलेली पाती बाजूला काढून मी ताजी, न मारलेली चार बाणांवर बसवली आणि बाण नळीत भरले.

"हंगामाचे अजून काही दिवस आहेत," मी म्हणालो. "रविवारी जाल?"

"टॅग वापरला मी."

मला आधी कळलंच नाही. मूस तर मिळाला नव्हता. कायदा तर एवढंच सांगतो की जखमी जनावर शोधायचा मनापासून प्रयत्न करा, आणि तो त्यांनी केला होता. त्यांचा टॅग अजून जिवंत होता.

"एकच होता," ते म्हणाले. "तो मी सोडला त्याच्यावर."

त्यांनी हाड काखोटीला मारलं, टोपी घातली आणि बाणांची नळी माझ्याकडं सरकवली. "पुढल्या वेळेपर्यंत तुझ्याकडंच असू दे. घरी असली की हात शिवशिवतात."

गिऱ्हाइकांच्या वस्तूंवर चिकटपट्टी लावून नाव लिहायची दुकानात रीत आहे. मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली सवयीनं आपल्या देवनागरी अक्षरात वजन. ते वाकून बघत राहिले.

"हे काय लिहिलंस?"

"वजन," मी म्हणालो आणि नळी वरच्या फळीवर ठेवली.