आजोशी म्हणजे काका

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. लॅपटॉप अजून उघडाच आहे, शेवटची नावं सरकून गेली, हेडफोन गळ्यात तसाच. सकाळी लिहू म्हटलं तर सकाळी हे सगळं विरून जातं हा माझा नेहमीचा अनुभव आहे, त्यामुळे आत्ताच जे येईल ते.

परत 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' बघितला. सातवी-आठवी वेळ असेल. पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलवर, पेनड्राइव्हवरून, पाच जण एका लॅपटॉपसमोर कॉटवर दाटीवाटीनं बसून, आणि सबटायटल पिक्चरच्या दोन सेकंद मागं चालत होते तरी कुणी उठलं नव्हतं. तेव्हा आम्हाला फक्त फाईट दिसल्या. शेवटचा चाकूचा सीन त्या रात्री आम्ही चार वेळा मागं घेऊन बघितला होता आणि मग पहाटे चहाच्या टपरीवर चमचे हातात घेऊन तसं करून बघत होतो. पिक्चर २०१० चा, ऑगस्टमधे कोरियात लागला, दिग्दर्शक ली जॉंग-बॉम, त्याचा हा दुसराच पिक्चर. साठ लाखांच्या वर तिकिटं गेली, त्या वर्षी कोरियात सगळ्यात जास्त बघितला गेलेला त्यांचा पिक्चर हाच. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा हिरोचं नावसुद्धा माहीत नव्हतं, तो केसवाला एवढंच म्हणायचो.

वॉन बिन. पिक्चर आला तेव्हा ३२ वर्षांचा होता. आज बघताना मधेच लक्षात आलं की मी आता त्याच्यापेक्षा मोठा आहे. हे जरा लागलं मनाला, का ते सांगता येत नाही.

या पिक्चरचं कोरियन नाव वेगळं आहे. 'आजोशी'. इंग्रजी नावात एक गूढ माणूस आहे, कुठून आला माहीत नाही असा. पण कोरियन नावात गूढ वगैरे काही नाही. आजोशी म्हणजे ओळखीचा असो नसो, नात्यातला नसलेला कुठलाही मोठ्या वयाचा पुरुष, दुकानदार, रिक्षावाला, शेजारचा. म्हणजे सरळ आपला काका. सख्खा काका नव्हे, आपण रस्त्यात "काका, जरा सरका" म्हणतो ना, तो काका. सबटायटलमधे त्या जागी मिस्टर येतं आणि मला दरवेळी वाटतं की हे मराठीत असतं तर एकही शब्द बदलावा लागला नसता. ती पोरगी अख्ख्या पिक्चरभर त्याला काका म्हणून हाक मारते, बस, तेच पिक्चरचं नाव. मला हे कळलं तेव्हापासून तो पिक्चर माझ्यासाठी वेगळाच झालाय.

गोष्ट अशी की ते-शिक नावाचा माणूस एका जुनाट बिल्डिंगमधे गहाणवटीचं दुकान चालवतो. कुणाशी बोलत नाही, केस डोळ्यावर, खिडकीला जाळी, त्या जाळीतूनच वस्तू घेतो आणि पैसे देतो. आजूबाजूची पोरं त्याला दुकानातलं भूत म्हणतात. बिल्डिंगमधेच सो-मी नावाची दहाएक वर्षांची मुलगी राहते, आई क्लबात नाचते आणि नशा करते, पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून ती या भुताकडे येऊन बसते, जेवते, नखं रंगवत बसते. तो तिला या म्हणत नाही आणि जा पण म्हणत नाही. आई एका टोळीचा माल चोरते, कॅमेऱ्याच्या बॅगेत लपवून ती बॅग याच्याच दुकानात गहाण टाकते, आणि मग टोळीवाले आई आणि पोरगी दोघींना उचलतात. पुढं जे आहे ते खूप काळं आहे, मुलांना ड्रग्ज पोचवायला वापरणारे, माणसांचे अवयव विकणारे, ते सगळं इथं लिहावंसं वाटत नाही.

पण त्याच्या आधी एक सीन आहे आणि आज मी तोच मागं घेऊन तीनदा बघितला. फाईट नाही.

सो-मीला चोरीवरून रस्त्यात धरलेलं असतं, पोलीस आहे, एक बाई तावातावानं बोलतेय, आईबापाला बोलाव म्हणतात. समोरून ते-शिक येत असतो. ती त्याच्याकडे बोट दाखवते, हे माझे बाबा. आणि तो बघतो, थांबतो आणि वळून निघून जातो. एवढंच. नंतर गल्लीत ती त्याला गाठते आणि विचारते की माझी लाज वाटते का तुम्हाला, आणि म्हणते की मला चिडवणाऱ्या पोरापेक्षा तुम्ही जास्त वाईट आहात, पण तुमचा राग नाही करणार, कारण तुमचाही राग केला तर मला आवडणारं कुणीच उरणार नाही, आणि तसा विचार केला की इथं दुखतं. छातीला हात लावते. ती मुलगी किम से-रॉन, पिक्चर लागला तेव्हा नुकती दहाची झालेली, आणि ती रडून दाखवत नाही हो, ती हिशोब सांगितल्यासारखं सांगते. म्हणून ते सहन होत नाही.

आणि लगेच पुढं तिला उचलतात. म्हणजे पुढचा सगळा पिक्चर, त्या सगळ्या फाईट, ते सगळं रक्त, हे एका माणसानं एकदा मान वळवली त्याचं देणं आहे. मला तरी असंच दिसतं. हॉस्टेलवर मला वाटायचं हा बदला घेणाऱ्या हिरोचा पिक्चर आहे. पूर्वी तो लष्कराच्या गुप्त तुकडीत होता, गरोदर बायको त्याच्या डोळ्यासमोर मारली गेली, म्हणून तो असा झाला, हे सगळं आहेच पिक्चरमधे. पण तो ज्याच्यासाठी धावतो ते बायकोचं दुःख नाही, ते "माझी लाज वाटते का" आहे.

फाईटबद्दल लिहायलाच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल, कारण त्या फाईट मी बघितलेल्यांत सगळ्यात चांगल्या आहेत. कोरियात साध्या माणसाकडे बंदूक नसतेच, कायदा कडक, त्यामुळे तिकडच्या पिक्चरमधे मारामारी जवळून होते, चाकू, हातोडा, हाताला लागेल ते. इथं ते-शिकच्या हालचाली आग्नेय आशियातल्या कलांवरून घेतल्यात, फिलिपिन्सची काली, आर्निस आणि इंडोनेशियाकडची सिलाट. या कलांमधे मोठा वार नसतो. समोरच्याचा हात पकडायचा, मनगट, कोपर, काख, जिथं शीर आहे तिथं छोटासा काप, आणि समोरचा कळायच्या आत संपलेला. आपल्याकडच्या फाईटमधे माणूस उडून टेबलावर पडतो, इथं माणूस जागेवर खाली बसतो. एक सीन आहे, तो पळत पळत काचेची खिडकी फोडून खाली उडी मारतो आणि कॅमेरा त्याच्या मागनं तसाच खाली जातो, कट नाही. आज हेडफोनवर बघताना मी खुर्चीचा हात धरला होता. आणि हा वॉन बिन काही वर्षं आधी सक्तीच्या लष्करी सेवेतून गुडघ्याच्या दुखापतीमुळं घरी परत आलेला माणूस, हे माहीत असलं की ती उडी अजूनच पोटात गोळा आणते.

केस कापायचा सीन सगळ्यांना माहीत आहे. आरशासमोर, मशीन घेऊन, अंगावर गोळीची जखम. पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या हॉस्टेलवर दोघांनी दुसऱ्या दिवशी तसाच कट मारला होता. आज मला दिसलं ते वेगळं, की त्या केसांमागं तो लपला होता, आणि आता चेहरा दाखवायचं ठरवलंय.

शेवटी तुर्की हमामात तो एकटा आणि समोर सगळी टोळी, आणि मग उरतो रामरोवान. थायलंडचा नट थानायोंग वोंगत्राकुल, काय माणूस आहे. भाड्याचा मारेकरी, पण त्याला पहिल्या भेटीतच कळलेलं असतं की याच्या शेजारी गोळी झाडली तरी याची पापणी हलत नाही. म्हणून शेवटी तो हातातली बंदूक टाकून देतो आणि चाकू काढतो. तिथं संगीत वगैरे नाही, श्वास आणि पावलं, मधेच कॅमेरा एकाच्या डोळ्यातून, मधेच दुसऱ्याच्या. आणि याच रामरोवानच्या कपाळावरच्या जखमेवर आधी सो-मीनं बँडएड लावलेली असते. फक्त बँडएड. त्या एका गोष्टीपायी त्यानं काय केलं ते शेवटी कळतं. आज मला वाटलं की त्या पोरीनं त्यालाही काकाच करून टाकलं. ती जिथं जाते तिथं एखाद्या माणसाला काका करून ठेवते.

आता माझ्या डोक्यात जे चाललंय ते. मी इचलकरंजीत वाढलो. आई सुताच्या कांड्या भरायला जायची, बाबा यंत्रमागावर, शिफ्ट उलटसुलट, त्यामुळं शाळा सुटल्यावर सहापर्यंत घराला कुलूप. गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं आणि मी तिथं जाऊन बसायचो. त्या काकांनी मला कधी ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडे कुठं येतात ते बघायचं काम माझ्याकडे असायचं. बोट लावून धरायचं, मग ते खडूनं खूण करायचे. दोन वर्षं तरी मी रोज तिथं होतो, आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. आजही नाही. काका. आईला विचारलं तर तीही म्हणाली, सायकलवाले. एकदा मोठ्या पोरांनी माझी वही गटारात टाकली तेव्हा ते पान्हा हातात घेऊन नुसते दारात येऊन उभे राहिले होते, काही बोलले नाहीत, पोरं गेली.

हिंदीत याचा रिमेक झाला होता, 'रॉकी हँडसम', २०१६, जॉन अब्राहम, गोव्यात घडणारा, आणि दिग्दर्शक आपला निशिकांत कामत. 'डोंबिवली फास्ट'वाला. व्हिलनपण त्यानंच केला होता, आणि मनापासून केला होता, बघताना मजा आली होती मला. त्या माणसाला जाऊन पाच वर्षं होऊन गेली, २०२० च्या ऑगस्टमधे गेला, वाईट वाटतं. पण त्यात ती पोरगी जॉनला हँडसम म्हणते आणि तिथंच माझं अडलं. हँडसम ही कौतुकाची हाक झाली. काका हे कौतुक नाही. काका म्हणजे तुम्ही मोठे आहात, मी लहान आहे, बस. त्यात एक हक्क असतो.

वॉन बिननं यानंतर एकही पिक्चर केलेला नाही. जाहिरातीत दिसतो, पण पिक्चर नाही, पंधरा वर्षं झाली. आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, किम से-रॉन गेली. चोवीस वर्षांची. त्याबद्दल जे जे लिहिलं गेलं त्यातलं मी काहीही इथं लिहिणार नाही, तिच्याविषयी आधीच खूप लोकांनी खूप बोलून झालंय. एकच गोष्ट मनात राहिली, की वॉन बिन तिच्या अंत्यदर्शनाला आला होता. काळे कपडे, खाली बघत चाललेला. फोनवर ती बातमी बघितली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो आणि तिथंच पायरीवर बसलो. त्यानंतर हा पिक्चर लावायची हिंमत झाली नव्हती. शेवटचा सीन आठवायचा, तो पोलिसांची गाडी दुकानाशी थांबवायला लावतो, तिला दप्तर आणि वह्या घेऊन देतो, आता तुला एकटीनं उभं राहायचंय म्हणतो, आणि मग विचारतो की एकदा, एकदाच जवळ घेऊ का. अख्ख्या पिक्चरमधे त्यानं मागितलेली एकमेव गोष्ट.

आज लावला, त्याला कारण आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी पार्किंगमधे गाडी लावत होतो. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी आहे, तिचे आईबाबा साडेआठशिवाय येत नाहीत, ती खाली जिन्यात बसलेली असते. कुणाच्या तरी कारचा आरसा बॉल लागून तुटला होता आणि कारवाले तिच्यावर ओरडत होते. बॉल तिनं मारलेला नव्हता, मी गेटमधून आत येताना बघितलं होतं, मारणारी पोरं पळून गेली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, या काकांनी बघितलंय, त्यांना विचारा. आणि मी म्हणालो, मी आत्ताच आलो, मला माहीत नाही. कॉल चालू होता, उशीर झाला होता, भांडणात पडायचं नव्हतं, हे सगळं खरं आहे पण मी बघितलं होतं हे पण खरं आहे. लिफ्टचं दार लागताना ती माझ्याकडेच बघत होती, रागानं नाही.

दोन दिवस ते डोळ्यासमोरून जात नाहीये.

उद्या रविवार आहे, कारवाले घरी असतील आणि तिचे आईबाबापण. आधी कारवाल्यांकडे जाणार, मग चौथ्या मजल्यावर. काय बोलायचं ते जुळवून बघितलं पण जुळत नाही, सरळ सांगेन की मी बघितलं होतं आणि खोटं बोललो. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही, ते विचारायचंय.