मुकुट धुळीत मिळाल्यावर

सकाळच्या प्रार्थनेत सध्या बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ७वा अध्याय वाचतेय. नाथान संदेष्टा इस्राएलचा राजा दावीद याला देवाचा निरोप सांगतो, तुझं राजासन सर्वकाळ टिकेल. पण मला धरून ठेवतं ते बायबलमधलंच स्तोत्र ८९. ३७व्या वचनापर्यंत सूर्य-चंद्राची साक्ष काढून हेच अभिवचन गायलंय, आणि ३८व्यापासून सूरच फिरतो: तू त्याचा मुकुट धुळीत मिळवलास! स्तोत्रकर्ता थेट देवालाच जाब विचारतो. एवढी मोकळीक देणारा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

इ.स.पू. ५८७-८६ मध्ये दावीदाच्या वंशजांची राजधानी यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं. तिथला शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली गेली. आता काय उरलं? तर बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या अगदी शेवटी सिद्कीयाच्या आधीचा राजा यहोयाखीन, बंदिवासाच्या ३७व्या वर्षी, बाबेलच्या तुरुंगातून सुटतो. कैद्याचे कपडे उतरवतो, रोज राजाच्या पंक्तीला जेवतो. राज्य मात्र परत मिळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ आहे, तिच्यात हाच यखन्या म्हणून येतो.

पुढे गब्रीएल देवदूत येशूच्या आईला, मरियेला सांगतो की दावीदाचं राजासन तिच्या मुलाला मिळेल. आणि तोच येशू रोमी सुभेदार पिलात याच्यासमोर म्हणतो, माझं राज्य या जगाचं नाही. म्हणूनच कुणी सत्ताधारी दावीदाचं अभिवचन स्वतःच्या खुर्चीला चिकटवू लागला, की मला ते मुळीच पटत नाही.