हॅवलॉकचा बीच, माझं पंचांग आणि फुटलेला गुडघा

आधी सांगतो की मी लातूरकडचा. म्हणजे 2016 ला जिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथला माणूस समुद्राच्या खाली जायचं म्हणतोय म्हणल्यावर घरात काय झालं असेल बघा. आई म्हणली, "कशाला जीवावर उठलास बाबा?" चुलते काहीच बोलले नाहीत. त्यांनीच मला लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं आणि तेव्हा एकच गोष्ट बजावली होती, उडी मारायच्या आधी पायऱ्या कुठंयत ते बघायचं, उडी काय कुणालाबी मारता येते.

स्कुबा डायव्हिंगचा कोर्स तारकर्लीला केला. 200 मीटर पोहून दाखवायचं, 10 मिनिटं हातपाय न टेकता तरंगायचं, ते विहिरीच्या कृपेनं निघालं. पण मालवणात डायव्ह होतात ते सगळे बोटीवरून, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, आणि मला बोट लागते. एस्टीत पण लागते, लहानपणापासून. नांगर टाकून बोट जागेवर हलायला लागली की माझं पोट वर, आणि बाकीचे लोक मास्क घालून मजेत. म्हणून डोक्यात बसलं की आपण किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं, शोअर डायव्ह, बोटच नको.

इन्स्ट्रक्टरदादाला म्हणलं इथंच तारकर्लीच्या बीचवरून जाऊ की. तो हसला. काठाला लाटा फुटतात तिथं सगळी वाळू ढवळलेली, शेजारी देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिचा गाळ, खाली स्वतःचा हात दिसला तरी नशीब. आणि तळाला नुसती वाळू, बघायचं काय? पण त्यानं एक काम लावलं, रोज सकाळी बीचवर अर्धा तास नुसतं बसायचं, मोबाईल न काढता. "आधी बघूक शिक" म्हणायचा.

पहिल्या दिवशी काहीच कळालं नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं की लाटा सारख्या येत नाहीत, चार-पाच मोठ्या येतात मग थोडा वेळ शांत, आणि पाण्यात उतरायचं ते त्या शांत टायमाला. दुसरं म्हणजे दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा एकदम गुळगुळीत, गडद. मी म्हणलं हीच जागा भारी. दादा म्हणाला तीच खेचून नेणारी जागा, काठावर आलेलं पाणी तिथून परत जातं, फेसपण आतच चाललाय बघ. खरंच चालला होता. अशा पाण्यात सापडलं तर काठाच्या दिशेनं झगडायचं नाही, काठाला समांतर पोहत बाहेर निघायचं. आणि शाळेत पाठ केलेले खारे वारे मतलई वारे तिथं पहिल्यांदा अंगाला लागले, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी खवळतं, म्हणून डायव्ह सकाळचाच बरा.

मग पैसे जमवून अंदमान. हैदराबादवरून पोर्ट ब्लेअरला विमान, तिथून पुढं फेरीनं हॅवलॉक बेट, आता नाव स्वराज द्वीप (फेरीत काय झालं ते विचारू नका). पहिल्या दिवशी राधानगर बीच बघितला, टाइम मॅगझिननं 2004 मध्ये आशियातला सगळ्यात भारी म्हणलेला तोच. सुंदर आहे, वाद नाही, पण मी एव्हाना बीचकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो होतो, मैलभर वाळू, काठाजवळ प्रवाळ नाही, मग सिलेंडर घेऊन जायचं कशाला? याउलट दोन नंबर बीच. दिसायला साधा, ओहोटीला खडक उघडे पडतात, फोटोत मारच खातो. पण काठावरून चालत गेलं की थोड्याच अंतरावर निमो रीफ म्हणजे प्रवाळाचा पट्टा, उतार हळूहळू आणि लाटा बारक्या.

इथं मी शहाणपणा केला. कोकणात भरतीचा एक हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी द्वादशी, बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊला भरती. तिथला इन्स्ट्रक्टर सांगत होता सकाळी साडेसहाला या, मी म्हणलं नऊला जाऊ, भरपूर पाणी असतंय. नाश्ता पण होतोय ना. अहो तो हिशोब कोकणच्या किनाऱ्याचा, अंदमानला भरती कधीच होऊन गेलेली! आत जाताना काही वाटलं नाही, तासाभरानं परत आलो तर काठाजवळचं पाणी पोटरीएवढं आणि खाली सगळं मेलेलं प्रवाळ. वीसेक किलोचं सामान पाठीवर, पोहावं तर पाणी नाही, चालावं तर पाय ठरत नाही. एका बारक्या लाटेनं मागून ढकललं आणि गुडघा प्रवाळावर. शेवटी रांगत बाहेर आलो. चुलत्यांच्या पायऱ्या आठवल्या. मी जायची वाट बघितली होती, यायच्या वेळी ती कशी असंल हे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरतीचा छापील तक्ता बघून वेळ धरली, इन्स्ट्रक्टर म्हणेल तीच. अर्धा तास बसलो, बाहेर यायला वाळूचा पट्टा शोधला, त्याच्या सरळ रेषेत काठावरचं एक वाकडं झाड खूण म्हणून धरलं, होकायंत्रावर दिशा लावली. कमरेएवढ्या पाण्यात पोहायच्या फिन्स पायात घातल्या. सहा मीटरवर एक नारिंगी मासा, समुद्रफुलाच्या बोटांतून डोकं काढून माझ्याकडंच बघत होता, मी जवळ गेलो तर अंगावर धावून आला, एवढासा असून. सिलेंडरमध्ये हवेचा दाब 200 बार होता, 100 ला वळलो आणि झाडाच्या समोरच बाहेर आलो, पायाखाली वाळू.

घरी आल्यावर चुलत्यांनी पहिला प्रश्न केला, "पाणी किती परस होतं?"

सगळ्यात खोल 12 मीटर गेलो होतो. एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं, हिशोब करून म्हणलं, "सात परस धरा."

"आपली हीर आठ परस हाय की," म्हणले. "कोरडी हाय, पर हाय."