एमसीबी मॉडेल अपडेट: नॉब दाबून धरला तरी ट्रिप!

झालं एकदाचं! काल रात्री साडेअकराला माझ्या एमसीबीच्या (शॉर्ट किंवा ओव्हरलोड झाला की आपोआप पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा स्विच) मॉडेलचा नॉब अंगठ्याने वर दाबून धरला, दुसऱ्या हाताने सोलेनॉइडला (शॉर्ट झाला की ट्रिप करवणारी तारेची गुंडाळी) 12 व्होल्ट दिले आणि कॉन्टॅक्ट (वीज जोडणारा-तोडणारा भाग) खाडकन उघडला, नॉब मात्र अंगठ्याखाली होता तिथेच. आवाज इतका की आई झोपेतून उठून आली.

मागच्या वेळेपर्यंत चौपट आकाराचं अ‍ॅक्रिलिक मॉडेल जोडून झालं होतं, आर्क शूटच्या (कॉन्टॅक्ट उघडताना उडणारी ठिणगी विझवणारा भाग) पट्ट्याही बसल्या होत्या, अडलं होतं ते ट्रिप-फ्रीवर, म्हणजे नॉब धरलेला असतानाही ट्रिप होण्यावर. नॉब मोकळा असला की मस्त ट्रिप व्हायचं, धरून ठेवला की सगळं जागच्या जागी घट्ट. तीन आठवडे त्यातच गेले. पण हे सोडून पुढे जायचंच नव्हतं, माझ्या मते एमसीबीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. गावच्या घरी एमसीबी पडला की बाबा तो वर करून दाबून धरायचे, "पडतोय कसा बघतो" म्हणून. लाइनमध्ये शॉर्ट तसाच असेल तर? बोट कितीही जोरात दाबलं तरी आतला कॉन्टॅक्ट उघडतो, तो या मेकॅनिझममुळे.

चूक कुठे होती सांगते. यू-तार (नॉबचा जोर पुढे नेणारी, सायकलचा स्पोक वाकवून केलेली, 2 एमएम, यासाठी याच्याहून चांगलं काही नाही) मी सरळ कॉन्टॅक्टच्या आर्ममध्ये अडकवली होती. म्हणजे नॉब आणि आर्म एकमेकांना बांधलेले, आणि लॅच (अडकवून ठेवणारा खटका) धरून ठेवत होता तो नॉबला, नॉब मागे आला तरच कॉन्टॅक्ट उघडणार! मग रविवारी जुन्या बाजारातून 30 रुपयांना आणलेला 16 अँपिअरचा एमसीबी रिव्हेट ड्रिल करून उघडला (नव्या लोकांसाठी परत सांगते, उघडलेला एमसीबी जोडून पुन्हा कुठेही वापरायचा नाही) आणि भिंग लावून दीड तास नुसता वर-खाली करत बसले तेव्हा दिसलं. तार आर्मला लागतच नाही. ती लागते एका छोट्या हुकाला, हुक आर्मवरच्या पिनेवर फिरतो आणि त्याचं नाक ट्रिप लिव्हरवर टेकलेलं असतं. नाक टेकलंय तोवर हुक आणि आर्म एकच तुकडा, नॉब ढकलला की कॉन्टॅक्ट जुळतो. सोलेनॉइडने किंवा बायमेटलने (तापली की वाकणारी दोन धातूंची पट्टी) लिव्हर सरकवला की नाक सुटतं, हुक गिरकी घेतो, मग तार रेटणार कशावर? स्प्रिंग आर्म खेचून घेते, नॉब कुठे का असेना.

हुक कापून आणला, बसवला, आणि नवीन डोकेदुखी. नाक 4 एमएम अडकवलं तर सोलेनॉइडला सुटेना, 1.5 केलं तर शेजारचं दार आपटलं तरी ट्रिप. कानस मारून मारून दोन हुक वाया गेले. शेवटी गुण्या लावून बघितलं तर लेझरने कापलेली कड काटकोनात नाहीच, जाड अ‍ॅक्रिलिकला थोडा उतार येतो, त्यामुळे स्प्रिंगचा जोरच नाकाला बाहेर ढकलत होता. त्यात 6 एमएम म्हणून घेतलेली शीट कॅलिपरला 5.4 भरली, स्पेसर 6 च्या हिशोबाने, मग हुक पिनेवर डुगडुगणारच. त्या दुकानातून परत घेणार नाही. हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे दात घासून, ऑइलस्टोनवर चकचकीत करून नाकावर आणि लिव्हरवर अरल्डाइटने चिकटवले, पकड 2 एमएम ठेवली. सलग 40 वेळा ट्रिप केलं, एकदाही अडकलं नाही, दारही आपटून बघितलं.

आता आर्क शूट रंगवायला घेणार होते, पण हे लिहिता लिहिताच वाटलं की बायमेटलच्या जागी अजून नुसती पत्र्याची पट्टी आहे ती आधी बदलावी. बंद पडलेल्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये खरी बायमेटल असते, सोल्डरिंग आयर्नने तापवून तिनेच ट्रिप केलं तर ओव्हरलोडही दाखवता येईल. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरला तासभर पडायचा नाही आणि 23.2 ला तासाभरात पडलाच पाहिजे, एवढं सगळं त्या बोटभर पट्टीच्या वाकण्यावर! पण इस्त्रीची पट्टी आखूड, जेमतेम एखादा एमएम वाकेल आणि मला 2 लागतात, म्हणजे लिव्हरची पिन सरकवून ट्रॅव्हल वाढवावा लागेल. मग सुटायला जोर जास्त लागेल, तेवढा त्या पट्टीत असेल का? इस्त्री माळ्यावर आहे, उद्या काढते. कुणी अशी पट्टी तापवून मोजली असेल तर लिव्हर परत कापायला टाकायच्या आधी सांगा.