नवतपा आणि उभ्या उभ्या तापणारी मोटर

बाबांचं वर्ध्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या, पिठाच्या चक्कीच्या मोटरी यायच्या. भरलेली मोटर अर्धा तास चालवायची, मग बॉडीवर तळहात ठेवून पाचपर्यंत मोजायचं. हात टिकला तर मोटर गिऱ्हाइकाच्या गाडीवर, नाही टिकला तर पुन्हा उघडायची. मी शाळेतून आल्यावर ते मोजायचं काम माझ्याकडे असायचं.

गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी बाबा माझ्या मागच्या टिनाच्या खोलीत आले. तिथे माझा घरी बांधलेला राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, असतो. नागपुरातलं दुपारचं ऊन, वर टिन, कूलर घरात. मी सागाच्या फळीवर शेजाऱ्यांच्या घराची पाटी कोरत होतो. बाबांनी सवयीने झेडच्या, म्हणजे कोरणारं टोक वर-खाली करणाऱ्या, मोटरीवर हात ठेवला आणि झटक्यात काढला.

"हे तं जळून राह्यली ना रे! बंद कर आधी."

मी हसलो. ही स्टेपर, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणारी मोटर, ती तापतेच, तिचं तसंच असतं, असं शहाणपणाने सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांना पटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी जी मोटर पाहिली ती रिकामी फिरताना गार राहते आणि अडकली की तापते. तापली म्हणजे कुठेतरी दुखतंय, हा त्यांचा नियम त्या मोटरीसाठी शंभर टक्के खरा आहे.

स्टेपरचं उलटं. ती उभी असतानाही ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तिच्या वाइंडिंगमधून करंट सोडत राहतो, कारण जागा धरून ठेवणं हेच तिचं अर्धं काम. फिरत नाही म्हणजे यांत्रिक काम शून्य, त्यामुळे आत गेलेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. मी चहा प्यायला उठलो, मशीन चालूच ठेवलं, की चारही मोटरी जागच्या जागी तापत बसतात.

पण शहाणपण सांगून झाल्यावर मी जरा वरमलो, कारण मोटर नेमकी किती तापते हे मी कधी मोजलंच नव्हतं. इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. पहिलं रीडिंग ५२ आलं आणि मी खूश. मग लक्षात आलं की मोटरीच्या मधल्या पत्र्यांचा भाग चकचकीत, आणि चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं बोलतं. काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, तिच्यावर नेम धरला: ८८. खोलीत तेव्हा ४१ होतं.

म्हणजे हवेपेक्षा ४७ अंश वर. जानेवारीत हेच मशीन हाताला कोमट लागायचं, म्हणून मी कधी काळजी केली नव्हती. मोटर बिचारी तेव्हाही हवेपेक्षा जवळपास तेवढीच वर असणार. फरक नागपूरच्या हवेचा. या मोटरींचं इन्सुलेशन बहुतेक बी क्लासचं असतं, म्हणजे १३० अंशांपर्यंत चालणारं. बनवणारे ५० अंशांची हवा आणि वर ८० अंशांची वाढ असा हिशेब धरतात. ५० अंशांची हवा हा त्यांच्यासाठी कागदावरचा आकडा असेल. आमच्याकडे टिनाखाली तो मे महिन्यात खिडकीतून डोकावतो.

आता बॉडी ८८ असेल तर आतली तार किती? हे काढायची युक्ती बाबांचीच. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यावरून हिशेब लागतो. साध्या मल्टिमीटरवर एक ओहमच्या आतलं मोजमाप नीट येत नाही, म्हणून मी पॉवर सप्लायवरून बरोबर एक अँपिअर सोडला आणि वाइंडिंगच्या टोकांवर व्होल्टेज पाहिलं. पहाटे ३२ अंशांना ०.९० व्होल्ट. दुपारी मशीन थांबवून, वायरी सोडवून लगेच पाहिलं तर १.१४. तापमानात २३४.५ मिळवून गुणोत्तर मांडलं (ही संख्या बाबांना अजून तोंडपाठ आहे) आणि उत्तर आलं १०३ अंश. मोटर जळत नव्हती. मी बाबांना तसं सांगायला उठलो आणि तेवढ्यात पाटीकडे लक्ष गेलं.

पाटीचं पहिलं अक्षर दोन मिलिमीटर खोल होतं, शेवटचं चक्क अडीच.

झेडची मोटर मी स्वतः थ्रीडी प्रिंट केलेल्या पीएलए प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर बसवली होती. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मी त्यावर ८८ अंशांची सव्वा किलोची वस्तू टांगून ठेवलेली. ब्रॅकेट हळूहळू वाकलं, स्क्रू त्याच्याबरोबर खाली सरकला. मोटरीला काहीच झालं नाही, तिच्या शेजाऱ्याचा जीव गेला. वर आणखी एक गोष्ट: बाकीच्या तीन मोटरी अॅल्युमिनियमच्या प्लेटवर आहेत आणि त्या ७५च्या पुढे गेल्या नव्हत्या. झेडला मी प्लास्टिकची गोधडी पांघरली होती. कशी गार होणार ती?

इतवारीतून सहा मिलिमीटरची अॅल्युमिनियम पट्टी आणून नवीन ब्रॅकेट केलं. बसण्याचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने सपाट केला, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ हात.

मग ड्रायव्हर उघडले. माझे डीएम ५४२ प्रकारचे आहेत. मोटर २.८ अँपिअरची, आणि मी ड्रायव्हरवरचे करंट ठरवणारे छोटे डिप स्विच सगळ्यात वरच्या ४.२ वर ठेवले होते, 'ताकद कमी पडायला नको' म्हणून. ४.२ हा पीक, म्हणजे करंटच्या टोकाचा आकडा. आरएमएस, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाची सरासरी, धरला तर ३.०, म्हणजे मोटरीच्या क्षमतेच्याही वर. ते ३.३१ वर आणले, आरएमएस २.३६. ताकद साधारण पाचव्या भागाने गेली, पण उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ती ३८ टक्क्यांनी उतरली. सागावर दोन मिलिमीटर खोल जाताना ती गेलेली ताकद मला एकदाही आठवली नाही.

चौथा डिप स्विच उभ्या मोटरीचा करंट अर्धा करतो. तोही मी पूर्ण करंटवर ठेवला होता, कारण झेडला स्पिंडलचं, म्हणजे कोरणारं टोक फिरवणाऱ्या भागाचं, वजन धरायचं असतं. माझा झेडचा स्क्रू ८ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवणारा होता; लाइट गेली की स्पिंडल धाडकन खाली यायचा. २ मिलिमीटर लीडचा टाकला, तो वजनाने उलटा फिरत नाही. झेडचा वेग पडला, पण आता निम्म्या करंटवर निवांत धरून राहतो. मशीन चालवणाऱ्या ग्रबल या सॉफ्टवेअरमधली डॉलर-एक ($1) ही सेटिंग मात्र २५५ वरच ठेवली आहे, म्हणजे मोटरी कधीच पूर्ण सुटत नाहीत. ती कमी केली की मोटर थांबल्या थांबल्या ढिली पडते आणि सूक्ष्म स्टेपची जागा हलते. उष्णता वाचवायला मी काम बिघडवणार नाही.

पंखा लावून पाहिला आणि काढून टाकला. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, धूळ दोन दिवसांत पात्यांवर पिठासारखी बसली. कूलर खोलीत आणायचा विचार घरातूनच हाणून पाडला गेला, आणि ते बरंच झालं. ओल्या हवेत रेल गंजल्या असत्या आणि एमडीएफ फुगलं असतं.

ज्यांच्याकडे लेथ किंवा मिलिंग आहे त्यांना मोटरीची उष्णता स्क्रूत उतरते याचाही विचार करावा लागेल. २०० मिलिमीटर पोलाद १५ अंशांनी तापलं की सुमारे ३६ मायक्रॉन वाढतं. माझ्या सागाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता त्याच ४१ अंशांच्या दुपारी झेड ६३ वर थांबते. एकच गोष्ट उरली होती. वाय या आडव्या अक्षाच्या दोन मोटरींपैकी उजवी नेहमी पाच अंशांनी जास्त. मी ड्रायव्हर अदलाबदल केले, वायरी बदलल्या, शेवटी मोटरीही अदलाबदल करून पाहिल्या. जी उजवीकडे जाईल ती तापायची. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बाबा स्टुलावर बसून थर्मामीटरने आकडे सांगत होते, मी लिहीत होतो.

"अरे, हे भितीकडची आहे ना," ते म्हणाले. "हिले हवा कुठून लागन?"

टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.