आरपीएमचा डेटाबेस आणि अर्ध्यावर गेलेली वीज

सर्व्हर सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरसाठी एम्बेडेड डेटाबेस, म्हणजे वेगळा सर्व्हर न लावता प्रोग्रॅमच्या आतच चालणारा डेटाबेस, निवडताना चर्चा बहुधा वेगाच्या आकड्यांपाशी अडकते. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर त्या फाइलची अवस्था काय असेल?

रेड हॅट आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांत सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या आरपीएमने या प्रश्नाची किंमत अनेक वर्षे मोजली. त्याचा डेटाबेस बर्कली डीबी या जुन्या एम्बेडेड डेटाबेसवर होता, पण ट्रान्झॅक्शनची, म्हणजे बदल पूर्ण तरी व्हावा किंवा अजिबात होऊ नये याची हमी देणारी, सोय न वापरता. '/व्हार/लिब/आरपीएम' या फोल्डरमध्ये 'पॅकेजेस' ही मुख्य फाइल, तिच्या भोवती शोध जलद करणाऱ्या इंडेक्सच्या फाइली आणि शेजारी '__डीबी.001' अशा नावांच्या तात्पुरत्या फाइली असत. अपडेट चालू असताना यम (आरपीएमच्या मदतीने पॅकेजेस उतरवून बसवणारे साधन) मध्येच बंद पडले, तर त्याने डेटाबेसवर घेतलेले लॉक तसेच राहत आणि बसवलेल्या पॅकेजेसची नुसती यादी मागणारी कमांडसुद्धा लटकून बसे. मग त्या तात्पुरत्या फाइली पुसून 'आरपीएम --रिबिल्डडीबी' चालवायचे, हे प्रत्येक ॲडमिनला पाठ झालेले असे. इंडेक्स अशा रीतीने पुन्हा बांधता येत. मूळ 'पॅकेजेस' फाइलच बिघडली, तर मात्र आपल्यावर काय बसवले आहे हे त्या मशीनलाच ठाऊक राहत नसे.

बर्कली डीबी सोडण्याचे दुसरे कारण लायसन्सचे होते. ओरॅकलने 2013 साली बर्कली डीबीची 6.0 आवृत्ती एजीपीएल या अधिक कडक अटींच्या खुल्या लायसन्सखाली आणली आणि लिनक्सची अनेक वितरणे 5.3 या जुन्या आवृत्तीवरच थांबली. ज्या पायाची दुरुस्ती होणार नाही, त्यावर यंत्रणेच्या गाभ्यातले साधन ठेवणे मला धोक्याचे वाटते.

फेडोरा 33 ने 2020 साली आरपीएमसाठी एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा एम्बेडेड डेटाबेस स्वीकारला. सूसेच्या मंडळींनी आरपीएमपुरता लिहिलेला एनडीबी हा छोटा डेटाबेस ओपनसूसेने घेतला. वापरकर्त्यांची वगैरे माहिती पुरवणारा डिरेक्टरी सर्व्हर असलेल्या ओपनएलडीएपीने याच बर्कली डीबीपासून सुटका करून घेण्यासाठी एलएमडीबी हा स्वतःचा एम्बेडेड डेटाबेस घडवला. डिरेक्टरीत वाचणारे फार आणि लिहिणारे थोडे असतात, आणि एलएमडीबीत वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. फक्त डेटाबेसच्या कमाल आकाराचा अंदाज आधी बांधून द्यावा लागतो, आणि तो कमी पडला की लिहिणे थांबते.

प्रशासनाच्या बहुतेक साधनांसाठी मी एसक्यूलाइटच सुचवतो. ते पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाच्याही लायसन्सशिवाय वापरता येण्याजोगे आहे, त्याच्या निर्मात्यांनी 2050 पर्यंत आधार देण्याचा मानस जाहीर केला आहे, आणि अडचणीच्या रात्री ती एकच फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन साध्या क्वेरीने तपासता येते. डब्ल्यूएएल मोड, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची पद्धत, लावल्यास लिहिणे चालू असतानाही वाचता येते. मात्र ती फाइल एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या सामायिक डिस्कवर, ठेवू नये, कारण डब्ल्यूएएलला सर्व प्रक्रियांमध्ये सामायिक असलेली मेमरी लागते आणि ती एकाच मशीनवर मिळते. तसेच डब्ल्यूएएल चालू असताना केवळ मुख्य फाइलची कॉपी घेऊन बॅकअप झाला असे मानू नये, कारण ताजे बदल शेजारच्या '-डब्ल्यूएएल' फाइलमध्ये असू शकतात. त्यासाठी एसक्यूलाइटचीच '.बॅकअप' कमांड वापरावी.